उडवलेली ओळ

१४ जून

प्रिय टिल्लू,

माझं अक्षर दिसलं तर तू पाकीट न फोडताच ठेवून देशील, म्हणून पत्ता लॅबच्या छापील पट्टीवर टाकला. दाताच्या दवाखान्याची जाहिरात समजून फोडलं असशील. आता फोडलंच आहेस तर वाच.

फोन तू उचलत नाहीस, आणि उचलला असतास तरी मी काय बोलले असते कुणास ठाऊक. कागदावर निदान तू मध्ये बोलत नाहीस.

एक बातमी देते. मी कविता करायला लागले आहे. हसून घे, मी थांबते.

झालं? तर हल्ली लॅबमध्ये कवळ्यांचं बारीक काम माझ्याकडे कमी येतं. नव्या मुली भरभर करतात, डॉक्टर त्यांच्याकडेच पाठवतात, त्यात विशेष काही नाही. दुपारी साचे वाळेपर्यंत माझे हात रिकामे असतात. मोबाईल चाळता चाळता ‘खर्डेघाशी’ नावाच्या एका ग्रुपात जाऊन पडले. सगळे माझ्यासारखेच हौशी. एकाचंही पुस्तक नाही, आणि प्रत्येकाच्या मनात पुस्तकाचं मुखपृष्ठ तयार आहे. ग्रुप चालवते ती एक ग्रंथपाल बाई. तिला कुणी पाहिलेलं नाही, पण तिचा धाक असा, की माणसं आपापल्या घरीसुद्धा पाय खाली सोडून नीट बसून लिहीत असतील.

तिथे खऱ्या नावाने कुणी लिहीत नाही. मी अक्कलदाढ. उशिरा येते आणि सगळ्यांना त्रास देते, असं तू म्हणशील, म्हणून आधीच घेऊन टाकलं.

तिथला कायदा मोठा विचित्र आहे. ‘वा’, ‘छान’, ‘सुरेख’ लिहायला बंदी. ज्याने कविता वाचली त्याने कवितेला फक्त एक प्रश्न विचारायचा. आणि ज्याची कविता आहे त्याने खुलासा करायचा नाही. जे सांगायचं ते कवितेतच बदल करून सांगायचं आणि नवा खर्डा टाकायचा. एकाने ‘मला असं म्हणायचं होतं की’ एवढंच लिहिलं, तर बाईने त्याची कविता तिथल्या तिथे काढून टाकली. मला हे फार पटलं. कवळी बसत नसेल तर पेशंटला भाषण देऊन काय उपयोग, कवळीच घासावी लागते.

प्रश्न विचारण्यात माझा हात चांगला बसला आहे. ‘धुकं’ नावाचं एक कुणीतरी आहे, बाई की बुवा कळायला मार्ग नाही. त्याच्या प्रत्येक कवितेत दिवा असतो, चंद्र असतो आणि ओले डोळे असतात. मी त्याला दर वेळी विचारते, हा दिवा कशाला? ते बिचारं दिवा काढतं आणि पणती घालतं. मग साथीच्या रोगासारखे सगळ्यांच्याच कवितांत दिवे लागायला लागले. परवा ‘तळमजला’ नावाच्या एका नव्या माणसाने कविता टाकली. कुणी म्हातारी, तिचं दुखणं, आणि शेवटी आलाच दिवा. मी जेवणाच्या सुट्टीत घाईघाईने वाचली आणि प्रश्न टाकला: ‘हा दिवा कशाला? दुखणं नेमकं कुठलं ते दाखवता येईल का?’

दोन दिवसांनी त्याचा दुसरा खर्डा आला. दिवा गेला होता. हे आलं होतं:

वाटीतल्या पाण्यात दात ठेवले
आणि ती हसली
रिकाम्या तोंडाने, पोटभर.
म्हणाली, मोठीला सांगू नकोस.

टिल्लू, माझ्या हातातलं मेण तसंच गार झालं. समोरची मुलगी दोनदा म्हणाली, बाई, तुमचा चिमटा खाली पडलाय.

ती वाटी निळ्या काठाची होती ना? कवितेत रंग दिलेला नाही. आईच्या खोलीत त्या दुपारी तू होतीस आणि आई होती. मी आले तेव्हा तुम्ही दोघी हसत होतात आणि मला बघून गप्प झालात. मी काही विचारलं नाही, तुम्ही काही सांगितलं नाही.

तळमजला म्हणजे तू आहेस का? हो की नाही, एवढंच लिही.

ताई

२ जुलै

टिल्लू,

तू उत्तर दिलं नाहीस, म्हणून मी तिथेच विचारलं. कवितेखाली लिहिलं: ‘का सांगू नकोस?’ ग्रंथपाल बाईला प्रश्न आवडला असावा. तिने खाली एक टिंब टाकलं. ती टिंब टाकते म्हणजे तिच्या दृष्टीने टाळ्या.

तिसरा खर्डा आला:

म्हणाली, मोठीला सांगू नकोस,
ती पुन्हा पहिल्यापासून करायला बसेल.

बाकीच्यांना ही ओळ फार लागली म्हणे. मलाही लागली, पण वेगळ्या ठिकाणी. त्या कवितेतली मोठी म्हणजे कुणी कजाग बाई असावी, जिच्या भीतीने घरातली म्हातारी दुखणं लपवते आहे, असं वाचणाऱ्याला वाटतं. धुक्याने प्रश्न विचारला, ‘मोठी माणूस आहे की शिक्षा?’ टिंब त्यालाही मिळालं.

आता तूच सांग, मी याचा खुलासा कुठे करू? कविता माझी नाही. तिथे खुलासा बंद. म्हणून तुला लिहिते.

आईची ती कवळी मी कशी केली ते तुला ठाऊक नाही. माप डॉक्टरांसमोर मीच घेतलं, पुढचंही सगळं माझ्या हातचं. लॅबचं काम संपल्यावर, सगळे गेल्यावर, एकटी दिव्याखाली बसून मी मेणात एकेक दात लावला. आईचा समोरचा दात जरासा तिरका होता, आठवतो? तो मी तसाच तिरका लावला, नाहीतर ती आई वाटली नसती. पहिली कवळी मला पसंत पडली नाही, मोडली. दुसरी मोडली. तिसरी झाली तेव्हा डोळ्यांतून सारखं पाणी यायचं, डॉक्टरांनी थेंब लिहून दिले, ते घालायचे आणि परत बसायचं. आईच्या तोंडात बसवल्यावर मी विचारलं, कशी आहे? ती म्हणाली, छान आहे. टिल्लू, माझ्या कानांनी ऐकलं आहे हे. छान आहे.

आणि आई गेली त्या सकाळी मी कवळी स्वच्छ धुऊन घेऊन आले, न्यायच्या आधी तिच्या तोंडात बसवावी म्हणून. गाल आत गेलेली आई मला कुणाला बघू द्यायची नव्हती. तर तू दारात आडवी झालीस. ‘राहू दे ताई. आता तरी राहू दे. टोचत होती ती तिला. तुला घाबरून बोलली नाही.’ सगळ्या माणसांसमोर. माझ्या हातातून कवळी घेतलीस ती शेवटची. कुठे टाकलीस, मी विचारलं नाही.

त्यानंतर तू मला एक अक्षर बोलली नाहीस, मीही नाही. मग आज एक अनोळखी तळमजला येऊन तेच सांगतो तेव्हा मी काय समजायचं?

माझीही एक कविता मी तिथे टाकली होती, मापाची. आई खुर्चीत बसली आहे, तोंड उघडून, आणि तिच्या मुलीला तिच्या तोंडाचा साचा मिळतो आहे, अशी. मला वाटलं होतं, बरी जमली आहे. तळमजल्याने खाली विचारलं: ‘तोंड उघडलं ते मापासाठी. बोलण्यासाठी उघडलं का?’

मी त्याचं उत्तर म्हणून चार खर्डे केले आणि चारही पुसले. काय बदलू तेच कळेना.

तू असशील तर सांग. नसशील तरी सांग. माझं डोकं चालेनासं झालं आहे.

ताई

२१ जुलै

टिल्लू,

तुझं कार्ड मिळालं. इतक्या काळाने तुझं अक्षर बघितलं, अजून तसंच, पाण्यात बुडत असल्यासारखं वरखाली. मजकूर मात्र कोरडा. ‘मी कुठल्याही ग्रुपवर नाही. दिवसभर तलावात उभी राहून दुसऱ्यांच्या पोरांना हातपाय मारायला शिकवते. घरी आल्यावर मला कविता कुठून सुचणार? तुझी तब्येत ठीक आहे ना?’

शेवटचं वाक्य मी पुन्हापुन्हा वाचलं. काळजीने विचारलं आहेस की वेड लागलं का या अर्थाने, ते ठरवता आलं नाही.

बरं, तू नाहीस. विश्वास ठेवते. तू खोटं बोलतेस तेव्हा लांबलचक लिहितेस. मग कोण? वाटीचं कुणाला ठाऊक? आई तर लिहिणार नाही.

मग मला आईची नर्स आठवली. पांढरी चप्पल घालून यायची, सारखी फोनवर काहीतरी टाइप करायची ती. त्या दुपारी ती खोलीत होती का? मला आता तसं दिसायला लागलं आहे, की खिडकीशी ती उभी होती. पण हे खरंच आठवतंय की मला कुणीतरी उभं करायचंच आहे म्हणून ती तिथे आली, कळत नाही. कविता करायला लागल्यापासून हे एक झालं आहे. जे हवं ते आठवायला लागतं.

त्या ग्रुपात कुणाला वैयक्तिक विचारायची बंदी आहे. तरी मी उद्या तळमजल्याला खाजगीत विचारणार आहे. बाईने काढून टाकलं तर टाकलं.

तब्येत ठीक आहे.

ताई

३० जुलै

तळमजला यांस, नमस्कार.

तळमजला म्हणू की जावईबापू, तेच समजत नाही. हे मोबाईलवरच पाठवते आहे, कारण कागद घरी आला तर टिल्लू फोडेल.

मी विचारलं, तुम्ही नर्स आहात का. तुम्ही घाबरून उत्तर दिलंत, ‘नाही हो ताई, मी लिफ्ट दुरुस्त करतो.’ लग्न झाल्यापासून एवढं लांब वाक्य तुम्ही माझ्याशी बोलला नव्हतात. आणि ‘ताई’ हा शब्द बोटातून निसटल्यावर मग माझ्या लक्षात येण्यासारखं उरलंच काय?

तुम्ही सांगितलंत ते मी चारदा वाचलं, आणि तरी मला नीट कळलं आहे का याची खात्री करून घेते. टिल्लू रोज जेवताना माझ्याबद्दल बोलते. माझ्यावर चिडते, माझी नक्कल करते, माझ्या वाटची उत्तरंसुद्धा तीच देते आणि मग त्या उत्तरांवर पुन्हा चिडते. तुम्ही ऐकता. दुसऱ्या दिवशी कुठल्यातरी इमारतीच्या तळमजल्यावर, लिफ्ट बंद करून, सुट्या भागाची वाट बघत बसलेले असताना ते लिहून काढता. बरोबर?

रोज म्हणजे खरंच रोज का हो? की लिहिण्याच्या ओघात रोज म्हणालात?

आणि पुढचं तर मला भोवळ आणणारं आहे. मी ग्रुपात प्रश्न टाकला, की तुम्ही संध्याकाळी चहा घेताना तिला सहज म्हणून तोच विचारता. ‘का गं, आईंनी सांगू नको का म्हटलं असेल?’ ती जे बोलेल त्यातलं थोडं खर्ड्यात घालता, थोडं मनचं घालता. म्हणजे गेले कितीतरी दिवस मी माझ्या बहिणीशी बोलते आहे, ती माझ्याशी बोलते आहे, आणि तिला याचा पत्ताच नाही. वर माझं पहिलं पत्र तिने तुम्हाला वाचून दाखवलं, म्हणाली, ताईचं काहीतरी बिनसलंय, आणि तुम्ही वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसलात. धन्य आहे तुमची.

मी रागावलेली नाही. रागावायला आधी समजावं लागतं.

मला एकच सांगा. ‘मोठीला सांगू नकोस’ आणि त्याच्या पुढची ओळ. ही आईची आहे, टिल्लूची आहे, की तुमची? इथे खर्डा बदलून चालणार नाही. मला खुलासाच हवा आहे.

टिल्लूला कळू देऊ नका, ती म्हणेल माझं दुखणं चारचौघांत मांडलंस, असं तुम्ही लिहिता. मला ते जमणार नाही. एकीने दुसरीपासून लपवायचं, हे या घरात एकदा झालं आहे आणि त्याचं काय झालं ते तुम्ही जेवताना रोज ऐकता. तुम्ही सांगा. नाही सांगितलंत तर मी सांगेन.

ताई (अक्कलदाढ)

१२ ऑगस्ट

टिल्लू,

तळमजल्यांनी तुला सांगितलं की नाही, मला ठाऊक नाही. नसेल तर बस, आणि मग वाच. तळमजला म्हणजे तुझे ‘हे’.

ताट आपटू नकोस. माणूस वाईट नाही. तुझ्या नवऱ्याला बोलता येत नाही हे आपल्याला लग्नाच्या दिवसापासून माहीत आहे, पण तो ऐकत असेल असं कुणाला वाटलं होतं? तू बोललेलं त्याने लिहून ठेवलं, कारण ते वाया जाऊ नये असं त्याला वाटलं. माझ्या आयुष्यात माझं कुणी असं ऐकलेलं नाही, त्यामुळे मला थोडा हेवाच वाटला. लोकांसमोर मांडायला नको होतं, हे खरं. ते भांडण तुम्ही दोघं करा.

माझं दुसरंच आहे. मी त्यांना विचारलं, ‘मोठीला सांगू नकोस’ ही ओळ कुणाची. त्यांनी लिहिलं, ‘ती माझी आहे ताई. कवितेत कुणीतरी बोलायला हवं होतं. पुढची ओळही मीच जुळवली. माफ करा.’

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पाणी उकळेपर्यंत टिकला. आई असं बोललीच नव्हती. माझ्या भीतीने कुणी काही लपवलं नव्हतं. लिफ्टच्या खड्ड्यात बसून एका जावयाने रचलेलं वाक्य मी गेले दोन महिने उरावर घेऊन फिरत होते.

मग चहा गाळताना वाटलं, म्हणजे तेही गेलं. आई गेल्यावर तिचं एक नवं वाक्य मला मिळालं होतं. माझ्याविरुद्धचं का असेना, नवं होतं. इतक्या दिवसांत मी ते तिच्या आवाजात ऐकायला लागले होते. आता ते परत करायचं म्हणजे कुणाला करायचं?

आणि आईने सांगू नको म्हटलंच नसेल, तर तू त्या सकाळी ‘घाबरून बोलली नाही’ हे कुठून आणलंस? तेही कुणी रचलं होतं का? आणि तिचं ‘छान आहे’ हे? तेही मीच माझ्यासाठी जुळवलं की काय, असं आता वाटायला लागलं आहे. खरं सांगू, मला आता कशाचाच भरवसा उरलेला नाही. मला भांडायचं नाही टिल्लू. कोण बरोबर हे तर मुळीच ठरवायचं नाही. त्या दुपारी आई काय म्हणाली, एवढंच हवं आहे. जे असेल ते. कितीही टोचणारं असलं तरी चालेल.

तू चहाच्या वेळी त्यांना सांगू नकोस. मला सांग.

ताई

४ सप्टेंबर

टिल्लू,

पार्सल काल दुपारी लॅबवर आलं. मोज्यात मोजा, त्यात आणखी एक मोजा, आणि आत आईची कवळी, ओल्या फडक्यात. मुली बघत होत्या. एकजण म्हणाली, बाई, पेशंटने दुरुस्तीला पाठवली का? मी हो म्हटलं.

तुझी चिठ्ठी आधी वाचली. अजून पाठ होत नाही, म्हणून समोर ठेवून लिहिते:

‘ताई, ती ओळ यांची नाही. आईची आहे. मीच यांना फार पूर्वी सांगितली होती. हे विसरले आणि स्वतःची समजून बसले, म्हणे सगळ्यांत चांगली ओळ तीच आहे. मी यांच्याशी दोन दिवस बोलले नाही, मग यांच्याशी नाही तर बोलायचं कुणाशी म्हणून बोलले. वाक्य पूर्ण असं होतं. मोठीला सांगू नकोस, ती पुन्हा पहिल्यापासून करायला बसेल, आणि तिच्या डोळ्यांना तो दिवा सोसत नाही. घाबरून हा शब्द माझा आहे. आईचा नाही. त्या सकाळी मला काहीतरी फेकून मारायचं होतं. कवळी टोचत होती की नाही, ते आता तूच बघ.’

मी ते वाचून मोबाईल काढला आणि ग्रुपात मागे मागे गेले. तळमजल्याचा अगदी पहिला खर्डा, मी जेवता जेवता वाचलेला. शेवटच्या दोन ओळी अशा आहेत:

म्हणाली, मोठीला सांगू नकोस,
तिच्या डोळ्यांना दिवा सोसत नाही.

आणि खाली माझा प्रश्न, अक्कलदाढेच्या नावाने: हा दिवा कशाला?

मला वाटलं होतं, हा धुक्याचा दिवा आहे. शोभेचा. डोळे दिसले, दिवा दिसला, आणि पुढचं न बघता मी उडवून टाकला. मी म्हटलं म्हणून त्यांनी निमूटपणे ओळ काढली. आईने माझ्याबद्दल बोललेलं वाक्य माझ्यापर्यंत आलं होतं टिल्लू, सगळ्यांच्या आधी आलं होतं, आणि मीच ते कवितेत बसत नाही म्हणून बाहेर काढायला लावलं. माझ्या प्रश्नाखाली त्या दिवशी एकाच माणसाने लिहिलं होतं. धुक्याने. ‘दिवा राहिला तर काय बिघडेल?’ मी बाथरूममध्ये जाऊन रडले. मग बाहेर येऊन धुक्याच्या सगळ्या जुन्या कविता वाचल्या. फार काही चांगल्या नाहीत, पण आता मी त्याला कधीही काही काढायला सांगणार नाही.

आता कवळीचं. तू बघ म्हणालीस, म्हणून मी पेशंटची बघते तशी बघितली.

खालच्या कवळीला आतून उजवीकडे, जिभेच्या बाजूला, एक कडा घासलेली आहे. आमच्या यंत्राने नाही. नखांच्या कानशीने. ओरखडे आडवे आहेत आणि एका जागी कानस घसरलेली आहे. म्हणजे त्या दुपारी तुम्ही दोघी हे करत होतात. वाटीत धुवायची, घासायची, घालून बघायची, पुन्हा काढायची. आणि मी दारात आल्यावर गप्प. मी असते तर दोन मिनिटांत झालं असतं. पण दोन मिनिटांत मी सोडलं नसतं, हेही खरं. मी ती तिसऱ्यांदा मोडली असती आणि पुन्हा दिव्याखाली जाऊन बसले असते. आई मला ओळखून होती.

टोचत होती, टिल्लू. तू बरोबर होतीस.

पण दाढा बघितल्यास का कधी नीट? झिजल्या आहेत. नुसती वाटीत पडून राहिलेली कवळी अशी झिजत नाही. तू घासून दिल्यावर तिने ती घातली, आणि घालून खाल्लं, तू परत गेल्यावरही कितीतरी दिवस. ‘छान आहे’ हे ती मला कधी म्हणाली, आधी की तू घासल्यानंतर, ते आता मला आठवत नाही. मी पूर्वी शपथेवर सांगितलं असतं.

डोळ्यांचंही सांगते, तू कार्डात तब्येत विचारली होतीस तेव्हा मी टाळलं. नव्या मुली भरभर करतात हे खोटं नाही, पण मला बारीक काम देत नाहीत ते माझ्या डाव्या डोळ्याने आता साथ सोडली आहे म्हणून. हे पत्र मी मोठ्या भिंगाखाली लिहिते आहे. ओळी वरखाली झाल्या असतील तर तुझ्या अक्षराला जोड मिळाली म्हण.

तळमजल्यांना सांग, मापाच्या कवितेत मी बदल केला. त्यांनी विचारलं होतं ना, बोलण्यासाठी तोंड उघडलं का. मी शेवटी एवढंच घातलं, की तिने तोंड उघडलं, आणि मी आधी माप घेतलं. आज सकाळी टाकली. अजून कुणाचा प्रश्न आलेला नाही. ग्रंथपाल बाईचं टिंब आलं आहे.

तू घासलेली कडा मी पॉलिश केली नाही. हात शिवशिवत होते, यंत्र समोर होतं. तशीच ठेवली.

आता एक गोष्ट तुला ठाऊक नाही. आईच्या तोंडाचा साचा मी टाकला नव्हता. लॅबमध्ये जुने साचे फोडून टाकतात, मी तो खालच्या खणात फडक्यात गुंडाळून ठेवला होता, कुणाला न सांगता. काल मुली गेल्यावर काढला आणि त्यावर तू पाठवलेली कवळी बसवून बघितली. मला वाटलं होतं, बसणार नाही. कवळी पाण्याबाहेर कोरडी पडून राहिली की हळूहळू वाकडी होते, आणि इतकी वर्षं झालेली. पण ती जराही हलली नाही. जिथे तू घासलंस तेवढी एक फट, बाकी नखाएवढाही फरक नाही.

म्हणजे तू ती पाण्यात ठेवली होतीस. कपाटात टाकून विसरली नव्हतीस. पाणी आटतं, घाण होतं, बदलावं लागतं. माझ्यावर रागावून तू इतकी वर्षं ते पाणी बदलत राहिलीस.

मी ती पुन्हा ओल्या फडक्यात ठेवली आहे, पण फडकं वाळतं आणि लॅबमधल्या भांड्यांत मला ती ठेवायची नाही. ये. येताना निळ्या काठाची वाटी आण.

ताई